धरणगावचा साहेब, लखनौची पगडी

फुटबॉलच्या इतिहासात हेन्री रेनी-टेलर या नावाला एक लहानशी पण पक्की जागा आहे. ८ मार्च १८७३ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात सामना झाला. आदल्या वर्षी ग्लासगोत झालेली पहिली लढत गोलाविनाच संपली होती. त्यामुळे ओव्हलवर रेनी-टेलरनं मारलेला गोल हा स्कॉटलंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल ठरला. सामना स्कॉटलंड ४-२ असा हरला, पण गोल मारणाऱ्याचं नाव राहिलं. हा खेळाडू होता लष्करी अधिकारी, रॉयल इंजिनिअर्सचा. आणि त्याचा जन्म झाला होता आपल्याकडे, मसुरीत, १८४९ साली. तो स्कॉटलंडकडून रग्बीही खेळला, केंट परगण्याकडून क्रिकेटही खेळला. १८७५ मध्ये रॉयल इंजिनिअर्सनं एफए कप जिंकला, त्या संघातही तो होता. पुढे तो कर्नल झाला.

मैदान, पलटण आणि हिंदुस्थान. त्या काळातल्या अनेक स्कॉटिश घरांतल्या मुलांचं आयुष्य या तीन शब्दांत मावतं. शाळेच्या मैदानावर तयार झालेलं पोरगं लष्करात जायचं आणि तिथून साम्राज्याच्या कुठल्यातरी टोकाला साहेब व्हायचं. ही वाट रेनी-टेलरच्या आधी पन्नास वर्षं एका मुलानं धरली होती आणि ती त्याला थेट आपल्या खानदेशात घेऊन आली. त्याचं नाव जेम्स आउट्रम. जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला त्यानं भिल्लांची पलटण उभी केली. तिथून सुरू झालेला त्याचा प्रवास सिंध, सातारा, बडोदा, इराण असा फिरत लखनौला पोचला. अवधच्या शेवटच्या बादशहानं आपली पगडी काढून ज्याच्या हातात ठेवली, तो माणूस हाच.

खानदेशात आउट्रमची आठवण निघते ती ‘चांगला इंग्रज’ म्हणून. लखनौत ती निघते राज्य बुडवणारा रेसिडेंट म्हणून. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. त्या एकाच माणसाच्या कशा, हे समजून घ्यायचं असेल तर सुरुवात त्याच्या लहानपणापासून करावी लागते.

ॲबर्डीनचं पोर

आउट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. वडील बेंजामिन आउट्रम कालवे आणि लोखंडी रूळमार्ग बांधणारे नामांकित इंजिनिअर. जेम्स दोन वर्षांचा असताना ते वारले आणि घरावर संकट आलं. आई मार्गारेट ही शेतीशास्त्रावर लिहिणाऱ्या जेम्स अँडरसन या स्कॉटिश विद्वानाची मुलगी. ती मुलांना घेऊन १८१० साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला आली. जेम्सचं शिक्षण तिथंच झालं, आधी उडनीच्या शाळेत आणि नंतर मारिशल कॉलेजात.

त्या भागात चेंडूचा खेळ तेव्हाही होता, पण त्याला आजच्यासारखे नियम नव्हते. नाताळात गावच्या गाव चेंडूमागे धावायचं. ॲबर्डीनशायरमधल्या मोनिमस्क गावच्या अशा झुंबडीवर जॉन स्किनर यानं अठराव्या शतकात एक मिश्कील कविताही लिहिली होती. पाय मोडायचे, डोकी फुटायची. ज्याच्या अंगात रग, त्याचा खेळ. अशा मुलखात वाढलेल्या जेम्सचं मन पुस्तकापेक्षा मैदानात आणि हातानं करायच्या कामात जास्त रमायचं. गंमत म्हणजे अंगकाठीनं तो अगदीच किरकोळ होता. हिंदुस्थानात आल्यावरही पहिली काही वर्षं तो सारखा आजारी पडत होता. प्रत्येक आजारातून उठला की अधिक काटक व्हायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात.

१८१९ साली वयाच्या सोळाव्या वर्षी कंपनी सरकारचा कॅडेट म्हणून तो मुंबईत उतरला. पुढच्याच वर्षी तो २३ व्या देशी पलटणीचा ॲडज्युटंट झाला. १८२४ मध्ये राणी चन्नम्माच्या कित्तूरवर कंपनीनं फौज पाठवली, त्या मोहिमेत तो स्वतःहून गेला. आणि १८२५ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो खानदेशात आला.

उजाड खानदेश

तो आला तेव्हाचा खानदेश डोळ्यापुढे आणायला हवा. १८०२-०३ मध्ये होळकर-शिंद्यांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला होता आणि त्यामागोमाग भयंकर दुष्काळ पडला होता. गावंच्या गावं ओस पडली. पेशवाईच्या अखेरीस किल्ल्यांवर अरब शिबंदी ठाण मांडून बसली होती. फेब्रुवारी १८१८ मध्ये आजच्या धुळे जिल्ह्यातल्या थाळनेर किल्ल्यावर सर थॉमस हिस्लॉपनं किल्लेदाराला फाशी दिली आणि आतली शिबंदी कापून काढली. या कृत्यावर खुद्द इंग्लंडमध्येही टीका झाली. मालेगावचा भुईकोट अरबांनी मे-जून १८१८ मध्ये जवळपास महिनाभर लढवला. मग खानदेश कंपनीचा झाला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज पहिला मुलकी अधिकारी म्हणून आला आणि धुळे हे कारभाराचं ठिकाण बनलं.

किल्ले घेता आले, पण सातपुडा, सातमाळा आणि सह्याद्रीतले घाट हातात येईनात. तिथं भिल्ल होते. पिढ्यानपिढ्या घाटांची राखण, गावची जागल आणि वाटसरूंना सोबत ही कामं ते करत. त्याबदल्यात गावाकडून त्यांचे ठरलेले हक्क मिळत. दुष्काळानं गावंच उठली, तेव्हा हक्क बुडाले. नव्या सरकारच्या दफ्तरात या हक्कांना सुरुवातीला नीट जागा नव्हती. ज्याच्या पोटावर पाय आला तो घाट अडवू लागला. दफ्तरात त्याची नोंद झाली ‘लुटारू’ म्हणून.

भिल्लांना सरकार नावाच्या वस्तूवर विश्वास ठेवायला कारणही उरलं नव्हतं. पेशवाईच्या शेवटच्या काळात कोपरगावला त्यांना बोलणीसाठी म्हणून बोलावून मारून टाकलं गेलं होतं. बोलावणं आलं की दगा, हा त्यांचा अनुभव होता. कंपनीच्या फौजा सात वर्षं डोंगर धुंडाळत राहिल्या. तापानं शिपाई मेले, पाड्या जळल्या, नाईक पकडले गेले, पण लूट थांबली नाही.

या भिल्लांमध्ये आपले तडवीही होते, हे आपण मुसलमान वाचकांनी विसरू नये. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल धर्मानं मुसलमान आहेत. त्यांच्या चालीरीतींत जंगलही आहे आणि मशीदही. खानदेशच्या इतिहासात मुसलमान म्हटलं की फक्त बुऱ्हाणपूरचे फारुकी सुलतान आणि मोगल सुभेदार आठवतात. घाटावर पहारा देणारा तडवी मात्र आठवत नाही.

मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं १८२५ मध्ये धोरण बदललं. तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. वायव्येला नंदुरबार-सुलतानपूरकडे कॅप्टन रिग्बी, दक्षिणेला कन्नडकडे कॅप्टन ओव्हान्स आणि ईशान्येला लेफ्टनंट आउट्रम. भिल्लांना जमीन कसायला द्यायची, बी-बैलांसाठी तगाई द्यायची, नाइकांचे हक्क मान्य करायचे, मागचे गुन्हे माफ करायचे आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभी करायची, असं ते धोरण होतं. पलटणीचं काम आउट्रमकडे आलं आणि तिचं ठाणं झालं धरणगाव.

पलटण कशी उभी राहिली

भरतीला कोणी येईना. येणार तरी कसं? गोळा करून कापायचा हा नवा डाव, अशीच सर्वांची समजूत होती. आउट्रमनं वेगळा रस्ता धरला. तो फौजफाटा मागे ठेवून भिल्लांच्या वस्त्यांवर जाऊ लागला. त्यांच्याबरोबर जंगलात राहू लागला. आणि मुख्य म्हणजे, त्यांच्याबरोबर शिकार करू लागला.

इथं त्याचं मैदानातलं लहानपण कामाला आलं. भिल्ल हे जंगलातले पट्टीचे शिकारी. माणूस किती पाण्यात आहे हे ओळखायची त्यांची कसोटी एकच होती, वाघ समोर आला की तो काय करतो. या कसोटीला हा किरकोळ गोरा पोरगा उतरला. दहा वर्षांत एकट्या आउट्रमच्या नावावर १९१ वाघांची नोंद आहे. अस्वलं, बिबटे आणि रानरेडे वेगळे. अनेकदा तो पायी वाघामागे जायचा, जखमी वाघाच्या मागावर झाडीत शिरायचा. त्याच्या धाडसाच्या गोष्टी पाड्यापाड्यांत पसरल्या. ज्या भिल्लांनी त्याच्याबरोबर वाघ मारला, तेच त्याचे पहिले शिपाई झाले. मग त्यांच्यामागून त्यांचे भाऊबंद आले.

हळूहळू शेकडो जवानांची पलटण उभी राहिली. ज्यांना कालपर्यंत चोर म्हणून धरलं जात होतं, ते खजिन्यावर पहारा देऊ लागले. आणखी एक गोष्ट घडली आणि मला ती वाघांपेक्षा मोठी वाटते. भिल्ल पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा आउट्रमच्या जुन्या २३ व्या पलटणीतल्या शिपायांनी त्यांची थट्टा केली नाही. त्यांना आपल्यात बसवलं, खाऊ घातलं, त्यांच्याशी गप्पा मारल्या. त्या शिपायांत वरच्या जातींचे लोक होते. ज्या समाजात भिल्लाची सावली टाळली जाई, तिथं ही पंगत साधी नव्हती. आउट्रमला तिचं महत्त्व कळलं होतं. पलटणीची इभ्रत वाढली ती कवायतीनं जेवढी, तेवढीच या वागणुकीनं.

म्हणून खानदेशानं त्याला चांगलं म्हटलं. त्यात खोटं काही नाही. जो माणूस बरोबर चालतो, धोका आधी स्वतः पत्करतो, दिलेला शब्द पाळतो, त्याला कोणीही चांगलंच म्हणेल.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्याच पलटणीच्या जोरावर आउट्रमनं १८३० मध्ये डांगच्या जंगलावर स्वारी केली आणि तिथल्या भिल्ल राजांना कंपनीपुढे झुकवलं. म्हणजे भिल्लांना काबूत ठेवायला भिल्ल. घाट शांत झाले, तसे रस्ते झाले. रस्त्यांमागून सरकारी जंगल खातं आलं, सावकार आला, कलाल आला. ज्या जंगलावर भिल्लाचा हक्क होता त्यातून मोळी आणायला त्याला परवानगी लागू लागली. हे सगळं आउट्रमनं केलं नाही. पण ज्या शांततेवर ते उभं राहिलं, ती त्यानं मिळवून दिली होती. आणि वाघांचं म्हणाल तर आज मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोदा-डोलारखेडा जंगलात वाघाचा ठसा दिसला तरी पेपरात बातमी येते.

सिंधमधला नकार

१८३५ मध्ये आउट्रम खानदेशातून गुजरातेतल्या महीकांठ्यात गेला. पहिल्या अफगाण युद्धात कलात पडल्यावर तो अफगाणी वेशात बलुचिस्तान ओलांडून समुद्रकिनाऱ्यावर सोनमियानीला पोचला. मग त्याला सिंधमध्ये राजकीय प्रतिनिधी नेमलं गेलं. तिथं तालपूर घराण्यातल्या मीरांचं राज्य होतं. १८४२ मध्ये सर चार्ल्स नेपियर सेनापती म्हणून आला. सख्खरच्या एका मेजवानीत नेपियरनंच आउट्रमला ‘हिंदुस्थानचा बायार्ड’ म्हटलं. बायार्ड हा फ्रान्सचा निर्भय आणि निष्कलंक मानला गेलेला सरदार. हा किताब आउट्रमला जन्मभर चिकटला.

पण काही महिन्यांतच दोघं एकमेकांचे वैरी झाले. नेपियरला सिंध हवा होता. मीरांवर अन्याय होतोय, त्यांना लढायला भाग पाडलं जातंय, असं आउट्रमचं मत होतं आणि ते तो लेखी आणि तोंडी सांगत राहिला. तरीही फेब्रुवारी १८४३ मध्ये हैदराबादच्या रेसिडेन्सीवर बलुच सैन्य चालून आलं तेव्हा ती त्यानंच लढवली. दोन दिवसांनी मियानीची लढाई झाली आणि सिंध गेला. लुटीतला त्याचा वाटा सुमारे तीन हजार पौंडांचा होता. त्यानं तो स्वतःसाठी ठेवला नाही, धर्मादायाला दिला. पुढे सिंधच्या विजयावर टीका करणारं पुस्तकही लिहिलं.

१८४५ मध्ये तो साताऱ्याचा रेसिडेंट झाला, १८४७ मध्ये बडोद्याचा. बडोद्याच्या दरबारात आणि मुंबईच्या कचेऱ्यांत पैसे चारून कामं करून घेण्याचा जो धंदा चालत होता, त्याला तिथले लोक ‘खटपट’ म्हणायचे. आउट्रमनं त्यावर अहवाल लिहिला आणि आपला हा मराठी शब्द थेट इंग्लंडच्या पार्लमेंटच्या कागदपत्रांत जाऊन बसला. बक्षीस म्हणून मुंबई सरकारनं त्याला पदावरून दूर केलं. लॉर्ड डलहौसीनं त्याला १८५४ मध्ये पुन्हा बडोद्याला पाठवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी लखनौला.

इथपर्यंतचा आउट्रम कोणालाही आवडावा असा आहे. लाच न घेणारा, लुटीचा पैसा नाकारणारा, वरिष्ठांना तोंडावर सांगणारा. आणि इथूनच प्रश्न अवघड होतो.

पगडी

अवध हे कंपनीचं जुनं मित्रराज्य. १८०१ च्या तहात कंपनीनं त्याचा जवळजवळ अर्धा मुलूख आधीच काढून घेतला होता. नेपाळच्या युद्धासाठी अवधच्या खजिन्यातून कोटींची कर्जं घेतली होती. फौज कंपनीची, हुकमत रेसिडेंटची, आणि कारभार बिघडला की दोष नवाबाचा, अशी ती व्यवस्था होती. आउट्रमनं १८५५ मध्ये अवधच्या कारभारावर अहवाल दिला आणि राज्य ताब्यात घेण्याच्या बाजूनं कौल दिला. सिंधमध्ये ज्यानं हरकत घेतली होती, त्यानंच हे लिहिलं.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी तो वाजिद अली शाहकडे तहाचा कागद घेऊन गेला. राज्य स्वखुशीनं कंपनीला द्यायचं आणि पेन्शन घ्यायची, असा तो कागद. बादशहानं आपली पगडी काढली आणि आउट्रमच्या हातात ठेवली. तह बरोबरीच्यांत होतो, माझ्याकडे आता काय उरलंय, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. त्यानं सही केली नाही. तीन दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, सहीशिवायच अवध खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. गोळी न झाडता एक राज्य गेलं. वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्जला गेला आणि १८८७ मध्ये तिथंच वारला.

प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये ‘शतरंज के खिलाडी’ हा चित्रपट केला. त्यात अमजद खान वाजिद अली शाह आहेत आणि रिचर्ड ॲटनबरो आउट्रम. बादशहा कविता करतो, नाचतो, पतंग उडवतो, पाच वेळा नमाज पढतो, हे ऐकून पडद्यावरचा आउट्रम गोंधळतो. असला माणूस राजा कसा, हे त्याला कळत नाही.

आपल्या शाळेत आणि आपल्या घरांतही इतिहास असाच शिकवला गेला. नवाब ऐयाश होते, बुद्धिबळ आणि कोंबड्यांच्या झुंजींत रमले, म्हणून राज्य गेलं. मुसलमान राज्यकर्त्यांच्या अधोगतीची गोष्ट सांगायची तर हा दाखला हमखास येतो. पण धरणगावचा दाखला त्याच्या शेजारी ठेवून बघा. आउट्रमनं आपल्या जवानीची दहा वर्षं शिकारीत घालवली. त्याला कोणी ऐयाश म्हटलं नाही. त्याच्या खेळाला मर्दानगी म्हटलं गेलं, त्यातून माणसं जिंकली असं म्हटलं गेलं. वाजिद अली शाहच्या ठुमरीला आणि कथकाला मात्र नालायकी म्हटलं गेलं. दोघेही आपापल्या परीनं रसिक आणि आपापल्या खेळात तरबेज होते. फरक एवढाच की एकाच्या पाठीशी पलटण होती आणि दुसऱ्याची पलटण तहात आधीच काढून घेतलेली होती. राज्य बुद्धिबळामुळे गेलं नाही. ते गेलं कारण पटही कंपनीचा होता, सोंगट्याही कंपनीच्या होत्या आणि डाव कधी संपला हे ठरवणारीही कंपनीच होती.

एकाच वर्षातल्या दोन लढाया

पुढचं वर्ष १८५७. इराणवर गेलेल्या ब्रिटिश फौजेचं नेतृत्व करून, खुशाबची लढाई जिंकून आउट्रम परतला तो थेट बंडाच्या वणव्यात. लखनौची रेसिडेन्सी वेढ्यात होती. तिच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेत दर्जानं तो हॅवलॉकपेक्षा वरचा होता. पण आधीपासून झुंजत आलेल्या हॅवलॉकचा मान जाऊ नये म्हणून त्यानं सेनापतीपद त्याच्याकडेच ठेवलं आणि स्वतः स्वयंसेवक घोडदळात सामील झाला. २५ सप्टेंबरला ते रेसिडेन्सीत शिरले. नोव्हेंबरपासून मार्च १८५८ पर्यंत त्यानं आलमबाग लढवला. समोर बेगम हजरत महल आणि मौलवी अहमदुल्ला शाह यांच्या फौजा होत्या. मार्चमध्ये लखनौ पडलं, कैसरबाग लुटली गेली. गव्हर्नर जनरल कॅनिंगनं अवधच्या तालुकदारांच्या जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा तो फार कडक आहे म्हणून आउट्रमनंच विरोध केला आणि त्यात सौम्यपणा आणवला.

नेमक्या त्याच महिन्यांत इकडे खानदेशच्या उंबरठ्यावर काय चाललं होतं? सेंधवा घाटाची राखण करण्यासाठी सरकारी नोकरीत राहिलेला खाज्या नाईक बंडात उतरला होता. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यानं घाटात सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला त्याच्या माणसांशी इंग्रज फौजेची लढाई झाली. त्या फौजेत खानदेश भिल्ल पलटणीचे जवानही होते. लढाईनंतर पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या.

तेहतीस वर्षांपूर्वी धरणगावात जमवलेला विश्वास तोपर्यंत कुठं पोचला होता, हे अंबापाणीनं दाखवलं. एका भिल्लाच्या अंगावर सरकारी डगला, दुसरा सरकारी बंदुकीसमोर. दोघांच्याही बापजाद्यांनी तेच घाट राखले होते. विश्वास एका माणसावर ठेवलेला होता. तो माणूस बदली होऊन गेला आणि मागे उरलं ते सरकार.

मैदान कोणाचं

आउट्रम १८६० मध्ये हिंदुस्थान सोडून गेला आणि ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधल्या पो गावी वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं. योगायोग असा की त्याच १८६३ सालाच्या शेवटी लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि चेंडूच्या त्या जुन्या झुंबडीला लेखी नियम मिळाले. दोन्ही बाजूंना एकच नियम, एकाच मापाचं मैदान. तिथून दहा वर्षांत रेनी-टेलरचा गोल आला.

हा नियमांचा खेळ गोऱ्या पलटणींनी हिंदुस्थानात आणला. १८८८ मध्ये सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स या स्कॉटिश पलटणीनंच जिंकला. १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. कित्येक वर्षं हे चषक पलटणींकडेच फिरत राहिले. मग १९११ मध्ये मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकली. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा रोव्हर्स कप जिंकणारा पहिला हिंदी मुलकी संघ ठरला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं रोव्हर्स तर घेतलाच, शिवाय दिल्लीत रॉयल वॉरविकशायर पलटणीला २-१ नं हरवून ड्युरँड कपही नेला. नियम दोघांना सारखे झाल्याबरोबर निकाल बदलला.

आउट्रमच्या आयुष्यात नेमकं हेच नव्हतं. तो स्वतः खिलाडू होता, यात शंका नाही. हॅवलॉकला मान दिला, सिंधची लूट नाकारली, भिल्लांबरोबर जेवला-झोपला. पण ही खिलाडूवृत्ती त्याची स्वतःची होती, त्या राज्याची नव्हती. सिंधमध्ये त्याचं कोणी ऐकलं नाही आणि सिंध गेलाच. लखनौत त्याला विचारलं गेलं, तेव्हा त्यानं राज्याच्याच बाजूनं कौल दिला. चांगल्या माणसाच्या हातून झालेला अन्याय जास्त काळ टिकतो, कारण त्याच्याकडे बोट दाखवायला लोक कचरतात.

आजही आपण साहेब चांगला की वाईट एवढ्यावरच हिशेब मिटवतो. कलेक्टर चांगला आला, फौजदार प्रेमळ आहे, आमदार आपल्या दर्ग्यावर चादर चढवतो. माणूस चांगला असणं ही मोठी गोष्ट आहे, तिची कदर करावी. पण वनहक्काचा दावा घेऊन धुळ्या-जळगावच्या कचेरीत उभ्या असलेल्या भिल्लाला किंवा तडव्याला साहेबाचा चांगुलपणा पुरत नाही. त्याला हातात कागद हवा, साहेबाची बदली झाली तरी टिकणारा. धरणगावच्या पलटणीत गेलेल्या पहिल्या भिल्लांना वाघाची शिकार मिळाली, डगला मिळाला, मानही मिळाला. मिळाला नाही तो हा कागद. तो मिळाला असता तर कदाचित अंबापाणी झालंच नसतं.